स्लॅब टाका, पण चुना विसरू नका
आपल्या मराठवाड्यात माळवदाच्या घरात भर मे महिन्यातही दुपारी डोळा लागायचा. दोन हात जाडीची भिंत, वर लाकडी तुळया नि मातीचा थर. ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. माळवद गळते, दरसाल माती टाकावी लागते, हे मान्य. पण २६९ चौरस फुटांच्या घरकुलाचा स्लॅब दिवसा तापतो नि रात्रभर खाली आग ओततो. मग कूलर, अन् बिल आले की बोंब!

शिबिरात हे काढले तर एकजण म्हणाला, "साहेब, खताचं बोला." खताचेही बोलू. आधी उन्हाळ्यापूर्वी स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा, ऊन परत फिरते. पश्चिमेला पडवी काढा, नाहीतर कडुनिंब लावा. खिडक्या समोरासमोर ठेवा. सरपंच नि इंजिनिअरसाहेबांनी पाया आखतानाच हे पाहावे.