बेंझीनचा बोजा सातबाऱ्यावर चढवा

गेल्या लेखावर आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: ‘खराब माती उचलून न्यायची, चांगली आणून टाकायची, संपला विषय.’ लिहिणारे जाणते लोक आहेत. कुणी बांधकामात आयुष्य घालवलंय, कुणी पालिकेच्या सेवेत. म्हणूनच ते वाक्य मला जास्त बोचलं. उचलून न्यायची म्हणजे कुठं? डांबर मुरलेल्या मातीचा ट्रक शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी वेशीवरच रिकामा होतो. आणि ती माती उकरताना जे हवेत जातं, ते श्वासावाटे कुणाच्या छातीत जातं? लंडनच्या साउथॉलमध्ये लोक हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत होते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये बरोबर उलटा मार्ग धरला गेला. दोन्ही जागा जुन्या गॅस कारखान्यांच्या. आज त्यांच्याबद्दलच लिहितो, कारण आपल्याकडच्या नव्या नियमांवर बोलण्याआधी या दोन्ही जागा समजून घेतल्या पाहिजेत.

नैसर्गिक वायू नळानं येण्यापूर्वी शहरातले दिवे आणि चुली ज्या गॅसवर चालत, तो कोळशापासून बनवत. बंद भट्टीत, हवा लागू न देता कोळसा तापवायचा. निघालेल्या वायूत डांबर, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, सायनाइड असं सगळं मिसळलेलं असे. तो गार केला की डांबर वेगळं होई, पाण्यानं धुतला की अमोनिया सुटे, आणि शेवटी लोखंडाच्या ऑक्साइडच्या थरांतून नेला की गंधक व सायनाइड तिथं अडके. हा थर निकामी झाला की निळा पडे, आणि बऱ्याचदा कारखान्याच्याच आवारातले खड्डे बुजवायला वापरला जाई. डांबराला गिऱ्हाईक होतं: रस्ते, रेल्वेचे लाकडी स्लीपर, रंगांचे कारखाने. पण ज्या हौदांत ते साठवत, त्यांतून झिरपायचंही. कोळशाचं डांबर पाण्यापेक्षा जड. भूजलापाशी पोचलं तरी ते तरंगत नाही, आणखी खाली उतरतं, चिकणमातीचा घट्ट थर लागेपर्यंत. कारखाना पाडून झाला, धुराडं गेलं, नाव गेलं, तरी ते खालीच असतं. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा डांबराच्या दोन टन राळेतून बेंझोपायरीन वेगळं काढलं. उंदराच्या कातडीवर लावलं की कॅन्सर होतो, असं हे द्रव्य. म्हणजे या मातीत काय आहे, हे जगाला नव्वद वर्षांपासून माहीत आहे.

सिअ‍ॅटलचा कारखाना १९०६ साली लेक युनियनच्या उत्तर काठावर उभा राहिला. आधी कोळशावर चालला, १९३७ पासून तेलावर. नैसर्गिक वायूची वाहिनी शहरात आल्यावर १९५६ मध्ये बंद पडला. सहा वर्षांनी महापालिकेनं ती जागा उद्यानासाठी घेतली. १९७० मध्ये काम मिळालं रिचर्ड हाग या भूदृश्यरचनाकाराला. लोकांची अपेक्षा साधी होती: सगळं भंगार काढा, हिरवळ लावा. हाग यांनी जागेवरच मुक्काम ठोकला आणि ठरवलं की मनोरे राहतील आणि मातीही राहील. सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा तेलकट मातीत कालवायचा, नांगरायचा, आणि जिवाणूंना काम करू द्यायचं, अशी त्यांची पद्धत. त्या काळी ही कल्पना धाडसाचीच होती. पाडकामाचा राडारोडा आणि उकरलेली माती एकावर एक रचून त्यांनी टेकडी केली, वर माती घालून गवत लावलं. आज तिथं लोक पतंग उडवतात आणि टेकडीला नावही त्यावरूनच पडलंय. उद्यान १९७५ मध्ये खुलं झालं.

जिवाणूंनी त्यांना जमेल तेवढं केलं. हलकी, लहान रेणूंची संयुगं ते खातात. बेंझोपायरीनसारखी चार-पाच कड्यांची जड संयुगं त्यांच्याकडून फार हळू मोडतात. १९८४ मध्ये तपासणीत मातीत घातक द्रव्यं सापडली. ज्या गवतावर मुलं लोळत होती ते उद्यान काही महिने बंद ठेवावं लागलं, स्वच्छ मातीचा थर टाकून पुन्हा उघडलं. हाग यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांच्यामुळे जगभर जुन्या कारखान्यांकडे पाहण्याची नजर बदलली. तरीही मधली नऊ वर्षं मुलं काय अंगावर घेत होती हे पालकांना कुणी सांगितलं नव्हतं, ही गोष्ट त्या आदरापोटी झाकून ठेवता येणार नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी स्वतः मत देऊन विषारी जागांच्या सफाईचा कायदा करून घेतला. विधिमंडळानं केला नाही, लोकांनी केला. त्या कायद्याखाली १९९९ मध्ये राज्य, महापालिका आणि गॅस कंपनीची वारसदार कंपनी यांच्यात करार झाला. भूजलातल्या बेंझीनसाठी जमिनीत हवा सोडून वर येणारी वाफ ओढून घेण्याची यंत्रणा बसली. आणखी मातीचा थर पडला. पाण्यात उतरू नका, असे फलक काठावर आहेत. तळ्याच्या तळातल्या गाळाचं काम अजून व्हायचंच आहे. उद्यान उघडून पन्नास वर्षं झाली आणि फाइल अजून उघडी आहे! त्या कायद्यातली एक तरतूद तर मी पुन्हा पुन्हा सांगत आलोय: प्रदूषण जमिनीत ठेवून काम थांबवायचं असेल, तर त्या मालमत्तेच्या दस्तऐवजात तशी नोंद करायची आणि दर पाच वर्षांनी जाऊन पाहायचं.

आता साउथॉल. पश्चिम लंडनमधला पंजाबी वस्तीचा भाग. रेल्वे आणि कालवा यांच्यामध्ये १८६९ पासून तिथं गॅस कारखाना होता. सुमारे ८८ एकर जागा. २०१० मध्ये लंडनच्या महापौरांनी तिथं पावणेचार हजार घरांच्या वसाहतीला परवानगी दिली. लंडनला घरं हवी आहेत, त्यात वाद नाही. आणि घरं बांधायची तर नुसतं झाकून भागत नाही. पाया खणावा लागतो, मलवाहिन्या टाकाव्या लागतात. म्हणून माती उकरली, जागेवरच एका मोठ्या पटांगणात पसरली, उलथीपालथी केली, की हवा लागून जिवाणू कामाला लागावेत. या पटांगणाला त्यांनी ‘सॉइल हॉस्पिटल’ म्हटलं. पण मातीला हवा लागली की मातीतलं जे उडण्याजोगं आहे ते हवेत जाणारच. बेंझीन जातं. नॅप्थलिन जातं, आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचं तेच. शेजारच्या रस्त्यांवरचे लोक सांगू लागले की घरात पेट्रोल-डांबराचा वास भरतो, डोकं दुखतं, मळमळतं, दम लागतो. खिडक्या बंद करून उन्हाळा काढला लोकांनी. सरकारी आरोग्य यंत्रणेनं मोजमापं पाहून उत्तर दिलं, की या पातळीवर आरोग्याला थेट विषबाधेचा धोका संभवत नाही.

ते उत्तर शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे असं मी म्हणत नाही. पण महिनोन् महिने ज्यांच्या घरात वास भरतो त्यांना सरासरीचा आकडा दाखवणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. वास येतो तो झुळकीनं, रात्री, वारा पडला की. मोजमाप असतं आठवड्याचं, महिन्याचं. उकरण्यावर तंबू घालून हवा गाळता येते, इतर ठिकाणी असं झालेलं आहे. खर्च वाढतो, आणि तो खर्च न केल्याची किंमत शेजारी चुकवतो.

माझ्या पत्रलेखकांना या दोन जागा शेजारी ठेवून पाहायला सांगेन. झाकणं बरं की उपसणं बरं, असा हा वाद नाही. उद्यान झाकता येतं, इमारतीखाली उपसावं लागतं, कालव्याच्या काठावर आणखी तिसरंच करावं लागतं. न्यूयॉर्कच्या गोवानस कालव्याकाठी तीन जुन्या गॅस कारखान्यांचं डांबर आहे. तिथं ते पाण्यात झिरपू नये म्हणून जमिनीत भिंत उतरवावी लागली. फरक पडतो तो पुढं. सिअ‍ॅटलमध्ये ‘अजून आहे’ हे कागदावर लिहिलं गेलं आणि त्या लिहिण्यामुळे दर काही वर्षांनी कुणाला तरी तिथं जावंच लागतं. साउथॉलमध्ये शेजाऱ्याला पहिली खबर नाकानं मिळाली. ‘उचलली, संपला विषय’ या वाक्यातलं ‘संपला’ मला मान्य नाही ते यामुळे. साउथॉलला तर उचलण्यानंच विषय सुरू झाला.

आणि आता माझं नेहमीचं मागणं. वाचकांना ते पाठ असेल, तरी पुन्हा मांडतो, कारण ते मान्य होईपर्यंत मांडत राहणार आहे. सोसायटीचं पीककर्ज घेतलं की सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त बोजा चढतो. पुढचा खरेदीदार तो पाहतो आणि सावध होतो. मग जमिनीतल्या बेंझीनचा, सायनाइडचा, पाऱ्याचा बोजा का चढत नाही? शहरात सातबारा नसेल तर मिळकत पत्रिका आहे. रकाना आहे, तलाठी आहे, भूमापन कार्यालय आहे. नवं खातं काढायची गरज नाही. माझी तर खात्री आहे की ही एक नोंद सुरू झाली तर निम्म्या जागा मालक स्वतःहून साफ करून घेतील. आकड्यांनी हे सिद्ध करून दाखवता येणार नाही, पण बोजा असलेल्या जमिनीचा भाव कसा पडतो हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. उशिरा का होईना, झाले, आणि मी त्यांचं स्वागत केलंय. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. प्रदूषण ज्यानं केलं त्याच्याकडून खर्च वसूल, तो सापडला नाही तर केंद्र-राज्यानं भार उचलायचा. तेव्हा देशभरात १०३ जागा निश्चित झालेल्या होत्या आणि त्यांतल्या फक्त सात ठिकाणी काम सुरू झालेलं होतं. माझी हरकत ‘संशयित’ या पायरीवर आहे. चालू कारखान्याच्या नाल्यातून लाल पाणी वाहिलं तर संशय येईल. ज्याचं धुराडं पन्नास-साठ वर्षांपूर्वी पडलं, त्यावर संशय कोण घेणार? इंग्लंडमध्ये २००० सालापासून स्थानिक परिषदेवर आपला भाग स्वतःहून तपासण्याचं कायदेशीर बंधन आहे, आणि जुन्या नकाशांवर गॅसच्या टाक्यांची गोल वर्तुळं शोधत त्यांचे अधिकारी फिरले. आपल्याकडे हे काम कुणाच्याही टेबलावर नाही.

कोलकात्यात १८५७ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. मुंबईत ते पुढच्या दशकात आले. लालबागला बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना होता आणि तिथले जुने लोक पत्ता सांगताना अजून ‘गॅस कंपनी’ म्हणतात. लोकांच्या तोंडी जे टिकलं ते जमिनीच्या कागदावरही असावं, एवढंच माझं म्हणणं: इथं कोळशापासून गॅस होत होता. गिरण्यांच्या रंगखात्यांना, चामड्याच्या कारखान्यांना, शिशाच्या भट्ट्यांना हाच न्याय लावा. राज्याच्या पुराभिलेखागारात जुने नकाशे आहेत. चार भूगोलाचे विद्यार्थी आणि एक कनिष्ठ अभियंता एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

तोवर पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी वाट पाहू नये. पायासाठी बोअर घ्यावेच लागतात. त्यातून निघालेली माती किती भार सोसेल एवढंच पाहतात आणि नमुन्यांची पेटी कोपऱ्यात ठेवून देतात. जागेवर पूर्वी कारखाना असेल तर त्याच वेळी नमुने काचेच्या हवाबंद बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. बाटली उघडी राहिली तर बेंझीन वाटेतच उडून जातं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बेंझीन, नॅप्थलिन, बहुवलयी हायड्रोकार्बन, फिनॉल, सायनाइड, शिसं, ही नावं लेखी द्या, नाहीतर नुसता सामू आणि क्षार तपासून कागद हातात ठेवतील. विकासकाशी करार करण्याआधी हे करा, नंतर नाही, आणि अहवालाची प्रत सोसायटीच्या दप्तरात लावून घ्या.