सुईएवढी गोगलगाय

पावसाची झड लागली की आपल्या दिंडोरी भागात द्राक्षाच्या बोदावर, पाचटाखाली, ठिबकच्या नळीलगत, नाहीतर अंगणातल्या कुंडीत बारीक शंख दिसू लागतात. लांबीला नखाएवढे, जाडीला दाभणाएवढे, पिवळसर आणि काचेसारखे आरपार. ‘ही मोठ्या गोगलगायीची पिल्ले, आताच मारा’ म्हणून औषधाची पुडी आणण्याची घाई होते. ती करू नये. ही पिल्ले नव्हेत, पूर्ण वाढलेली गोगलगायच एवढी असते.

भीती वाटते ती उगीच नाही. 2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि पुष्कळांना दुबार पेरणी करावी लागली. त्यात मोठी आफ्रिकन गोगलगायही होती. म्हणूनच ओळख पक्की हवी.

ओळखायचे कसे? शंख तळहातावर घ्या आणि त्याचे फेरे मोजा. बारकीचा शंख उंच निमुळता, मनोऱ्यासारखा. सेंटिमीटरभर लांबीत सात-आठ फेरे बसलेले. मोठीचे नुकते फुटलेले पिल्लू गोलसर, फुगीर असते आणि त्याला दोन-अडीचच फेरे असतात. घरातल्या शाळकरी पोरांना हे काम सांगा, त्यांची नजर बारीक असते. बारकीच्या शंखातून कधी पांढरे ठिपके दिसतात, ती तिची अंडी. मोठी मात्र मातीत भिजल्या साबुदाण्याएवढी अंडी घालते, आणि एका वेळी शंभराच्या वर.

बाकी शरीराची ठेवण दोघींची सारखीच. डोक्यावर चार शिंगे, वरच्या दोहोंच्या टोकाला डोळे. जिभेवर बारीक दातांच्या ओळी, कानशीसारख्या. श्वास फुप्फुसाने. नर-मादी वेगळे नाहीत, त्यामुळे प्रत्येक जण अंडी घालू शकतो.

या बारकीचे शास्त्रीय नाव अ‍ॅलोपियास ग्रॅसिली. 1834 साली टॉमस हटन या लष्करी अधिकाऱ्याने मिर्झापूरकडच्या शंखांवरून तिचे वर्णन प्रथम लिहिले. पुढे झाडांच्या कुंड्यांबरोबर ती जगभरच्या उष्ण मुलखांत पोचली. तिचे सब्युलिनिडी हे कुळ बरीच वर्षे स्वतंत्र मानले जाई. अलीकडे आनुवंशिक तपासणीनंतर अभ्यासक ते अकॅटिनिडी या कुळात घालतात, आणि आफ्रिकन गोगलगायही त्याच कुळातली! गोत्र एक, पण खाणे वेगळे. बारकी मुख्यतः कुजका पालापाचोळा खाते. रोपवाटिकेत फार झाली तर कोवळ्या रोपाला तोंड लावते, एरवी पिकाला तिचा जाच नाही.

मोठी आपल्याकडे आली ती कशी, तेही ऐका. 1847 साली विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून जिवंत आणली आणि कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत ती सोडली गेली. जाणत्या माणसाच्या हौसेपायी केवढा व्याप झाला पाहा.

पाचटात कधी पिवळ्या-तांबड्या अंगाची, तेवढीच बारीक गोगलगाय दिसेल. ती मांसाहारी आहे, दुसऱ्या बारीक गोगलगायींना खाते. तिला मुळीच हात लावू नका.

मोठी सापडली तर मात्र दया नको. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती सांजेला बांधावर पसरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यातल्या जंतांपासून माणसाला आजार होतो. बांधालगत चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढला तर त्या ओलांडत नाहीत, पण पाऊस पडला की तो पुन्हा ओढावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या अगदी शेवटी, आणि कुत्री, कोंबड्या, लेकरे यांच्यापासून दूर. मातीत साबुदाण्यासारखी अंडी दिसली तर तीही चिरडून टाका.

नवी रोपे आणाल तेव्हा पिशवीची माती गाडीतून उतरवण्याआधीच उकरून पाहा. मोठी गोगलगाय आणि तिची अंडी बहुधा याच वाटेने शेतात येतात.