पेन्शनीचा सरपंच

निवडणूक आली की आमच्या गोंदियात चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी म्हणतोच, राजकारणात फौजी माणसं आली पाहिजेत, जरा शिस्त लागेल. मला हे काही पटत नाही. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेल्यामुळे असेल, पण फौजी म्हटलं की मला आधी दिसतं त्याचं पेन्शनचं पासबुक.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला निवृत्त फौजी आमच्या शाखेत येत. त्यांत अर्जुनी मोरगावकडचे एक हवालदार होते, महार रेजिमेंटचे, सागरला घडलेले. स्वतःचं काम झालं तरी ते थांबत आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून देत. पुढे राखीव जागेवर ते सरपंच झाले. पहिल्या सभेला रजिस्टर, पेन, चहा मांडून बसले, तर सदस्य आले दोनच. सभा तहकूब. पुढचीही तशीच.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"पुन्हा नोटीस काढली, साहेब. आपली पेन्शन तर एक तारखेला येतेच. घाई त्यांनाच होती."

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी महाडात घडून गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांचे विचार त्यांनी आपलेसे केले होते. 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिलं, अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले. १८९५ साली सरकारनं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा वरच्या जातींच्या सभासदांना ते रुचलं नाही. महारानं आपल्या बरोबरीनं बसायचं म्हणजे काय! त्याच महाडात १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी पेटलं.

आता हिशेब पाहा. बाकीच्या महारांची भाकर गावाच्या हातात होती. बलुतं बंद केलं की घर उपाशी. गोपाळबाबांचं पोट गावाच्या हातात नव्हतं. लिहिणं-वाचणं फौजेनं दिलं, हे खरंच. पण लिहिलेल्याखाली सही करायची हिंमत पेन्शनीतूनही येते, असं माझं कारकुनी मत आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली त्यांनीच अर्ज केला. पुढच्या पिढीचं काय जातंय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं.

सध्या आमच्याकडे भल्या पहाटे रस्त्यानं पोरं धावताना दिसतात. अग्निवीर व्हायचंय. २०२२ साली आलेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची. फार तर शंभरातले पंचवीस कायम होणार. बाकीच्यांना एकरकमी सेवा निधी, तोही लाखांच्या घरात, पण पेन्शन नाही. देशाच्या तिजोरीवरचा बोजा मला कळतो, मी बँकवाला आहे. पण एकरकमी पैशाचं काय होतं, तेही मी बँकेतच पाहिलं आहे. बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, भावाचं कर्ज. वर्षभरात खात्यात किमान शिल्लक उरते.

हवालदारसाहेबांच्या तिसऱ्या सभेला गणपूर्ती झाली. त्यांचा नातू आता त्या धावणाऱ्या पोरांत आहे. भरती झाला, तर चोविशीच्या आसपास गावी परतेल.