करपा नाव एक, रोग दोन

भिवंडी तालुक्यातील भातखाचरांत पाने वाळू लागली की ‘करपा पडला’ एवढेच बोलले जाते, आणि दुकानी जाऊन ‘करप्याचे औषध’ मागितले जाते. आमच्या मते पुढील नुकसानीचे मूळ पुष्कळदा या एका शब्दातच असते.

करपा या नावाखाली दोन भिन्न रोग वावरतात. पहिला पायरिक्युलारिया ओरायझी या बुरशीचा. त्यात पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी व कडेस तपकिरी ठिपके दिसतात. दुसरा, म्हणजे कडा करपा, झँथोमोनास ओरायझी या जिवाणूचा. त्यात पान शेंड्यापासून कडेकडेने पिवळे पडून वाळत जाते. अशा ताज्या पानाचा कापलेला तुकडा स्वच्छ पाण्यात धरला असता दुधाळ स्राव निघाला, तर रोग जिवाणूचा समजावा. ट्रायसायक्लाझोल हे द्रव्य पहिल्या रोगावर चालते. दुसऱ्यावर ते फवारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

असा घोटाळा टळावा म्हणूनच लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली आपल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव दिले. भाताचे ओरायझा सटायव्हा हे नाव त्याचेच. रसायनशास्त्रज्ञांनीही १८९२ साली जिनिव्हा येथे जमून, द्रव्याच्या रचनेवरून त्याचे नाव ठरविण्याचे नियम केले. ती नावे फार लांब होतात, यास्तव शेतीच्या औषधांस आटोपशीर सर्वमान्य नावे देण्यात आली. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे नाव व द्रव्याचे शेकडा प्रमाण वेष्टनावर छापणे आवश्यक ठरविले. परंतु दुकानात बोलबाला असतो तो व्यापारी नावाचा. परिणामी एकच द्रव्य दोन व्यापारी नावांनी विकत घेऊन दोनदा फवारले जाण्याचा संभव राहतो. विषबाधा झाल्यास तर अधिकच अनर्थ. सेंद्रिय फॉस्फरस वर्गाच्या विषावर ॲट्रोपीन देतात. इतर विषांचे उपचार निराळे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. अशा वेळी वैद्यास द्रव्याचे खरे नाव सांगता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

कोणी म्हणतील, लॅटिन नावे पाठ करणे हे शेतकऱ्याचे काम नव्हे. हे आम्हांसही मान्य आहे. शिवाय आपल्या पूर्वापार नावांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. हळवे, निमगरवे, गरवे या तीन शब्दांत पीक तयार होण्याचा काळ जसा कळतो, तसा लॅटिन नावाने कळत नाही. मात्र जेथे एका शब्दात दोन रोग लपतात, तेथे दुसरे नाव जोडलेच पाहिजे.

यास्तव शेतकरीबंधूंनी रोगट पान दाखवून रोग बुरशीचा की जिवाणूचा हे जाणत्याकडून आधी ठरवून घ्यावे, औषध द्रव्याच्या नावाने मागावे, पावतीवर ते नाव लिहवून घ्यावे आणि फवारणी संपेपर्यंत वेष्टन जपून ठेवावे. यास खर्च काहीच नाही. वाचते ते मात्र पुष्कळ.