बेटावरची सुट्टी : जहाज, रिसॉर्ट की घर?

खोपोलीच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, "दोन वर्षांच्या भिशीचे पैसे हातात आले आहेत. मुलांना लक्षद्वीप पाहायचे आहे. मिस्टर म्हणतात मुंबईहून क्रूझने जाऊ. दीर म्हणतात रिसॉर्ट घेऊ. नणंदेच्या मते घर भाड्याने घेऊन स्वतः रांधले की निम्म्यात होईल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण त्यांनाही सोबत न्यायचे आहे. काय करावे?"

असा प्रश्न हल्ली अनेक घरांतून येतो. पूर्वी आपल्या घरांतली सुट्टी म्हणजे मामाच्या गावी जाणे. आता चार पैसे साठतात, मुले मोबाइलवर निळे पाणी पाहतात आणि हट्ट धरतात. यात वाईट काही नाही. पृथ्वीवर फिरा आणि अल्लाहची निर्मिती पाहा, असे कुरआन स्वतःच सांगतो. प्रवास हलाल कमाईचा असावा, त्यात फर्ज सुटू नये आणि उधळपट्टी होऊ नये, एवढीच अट आहे. मात्र या पत्रात मिस्टर, दीर, नणंद आणि मुले या सगळ्यांचे मत आहे, लिहिणाऱ्या भगिनीचे स्वतःचे मत कुठेच नाही. म्हणून आधी हे ठरवू या की सुट्टी नेमकी कोणाची आहे. ते ठरले की जागा निवडणे सोपे जाते.

लक्षद्वीप आपल्याला परके नाही

लक्षद्वीपमध्ये छत्तीस बेटे आहेत. त्यांपैकी फक्त दहांवर वस्ती आहे. सगळी जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि तीत ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम. बोली मलयाळम वळणाची, मिनिकॉय बेटावर महल. विशेष म्हणजे तिथले लोक शाफई आहेत, जसे आपल्या कोकणातले बहुसंख्य मुसलमान. दोन्हीकडचा इस्लाम अरबी समुद्राच्या वाटेनेच आला. मशिदीतल्या नमाजची पद्धत खोपोली-महाडच्या शाफई माणसाला ओळखीची वाटेल. हलाल मटण कुठे मिळेल हा प्रश्न तिथे पडत नाही. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. बंगारम बेटावरच्या पर्यटकांच्या रिसॉर्टला मात्र तीतून सवलत दिली गेली आहे. बुकिंग करताना हा फरक लक्षात ठेवावा.

तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. ओळखपत्र आणि फोटोसह आधी अर्ज करावा लागतो. त्या वेळच्या अटी काय आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी तपासावे. जाण्याचा चांगला काळ ऑक्टोबर ते एप्रिल. मेच्या मध्यापासून समुद्र खवळू लागतो, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी बरी.

पहिला पर्याय : जहाज

मुंबईहून निघणाऱ्या खासगी क्रूझची मोठी सोय म्हणजे दगदग कमी. खोपोली लोकलने सीएसएमटीला उतरले की बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल जवळच आहे. एकदा चढले की सामान उचलायचे नाही, रांधायचे नाही. पण त्यात बेट फार थोडे मिळते. दिवस-रात्री जहाजावर जातात आणि बेटावर उतरणे काही तासांचे. मोठे जहाज बेटाला लागत नाही, छोट्या होडीतून उतरावे लागते. समुद्र खवळला तर उतरणे रद्दही होऊ शकते. अशा जहाजांवर बार, कसिनो आणि रात्रीचे नाचगाण्याचे कार्यक्रम असतात. तिकडे न फिरकता राहता येते हे खरे, पण वयात आलेल्या मुलांना घेऊन तीन-चार दिवस त्याच वातावरणात राहायचे आहे, याचा विचार आई-वडिलांनीच करायचा. मांस हलाल आहे का, हे तोंडी न विचारता लेखी विचारावे. जाहिरातीतला दर बहुधा एका माणसाचा, तोही दोघांनी एक केबिन घेतल्यावरचा असतो. बंदर शुल्क आणि कर त्यावर वेगळे. सहा माणसांचा शेवटचा आकडा कागदावर मागून घ्यावा.

दुसरे जहाज सरकारी. लक्षद्वीप प्रशासनाची प्रवासी जहाजे कोचीहून सुटतात आणि बेटानुसार साधारण चौदा ते अठरा तास घेतात. प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची 'समुद्रम' नावाची सहल प्रसिद्ध आहे. तीत दिवसा कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे पाहायची आणि रात्री जहाजावर झोपायचे. तरुण जोडप्याला किंवा मोठ्या मुलांच्या कुटुंबाला ही सहल चांगली. पण रोज जहाजातून होडीत आणि होडीतून जहाजात चढ-उतार करायची आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी हीच खरी अडचण. एक पाय हलत्या होडीत आणि दुसरा शिडीवर, अशी ती कसरत असते.

दुसरा पर्याय : रिसॉर्ट

रिसॉर्टमध्ये बाईला खरी विश्रांती मिळते. ताट समोर येते, चादर दुसरे कोणी बदलते. जेवण, होडी आणि पाण्यातले खेळ बहुधा एकाच रकमेत येतात. पण लक्षद्वीपमध्ये अशा खोल्या मोजक्या आहेत आणि तिन्ही पर्यायांत हा महाग पडतो. सहा जणांना दोन-तीन खोल्या लागतात. विमान कोचीहून अगत्तीला जाते, कारण विमानतळ तिथेच आहे. बंगारमसारख्या बेटावर जायचे तर पुढे पुन्हा होडी. शिवाय निर्मनुष्य बेटावरच्या रिसॉर्टमध्ये मुले पाणी पाहतील, पण लक्षद्वीपची माणसे पाहणार नाहीत. तिथली मशीद, मदरसा, टुणा मासा सुकवणाऱ्या बाया, नारळाची वाडी हे काहीच त्यांना दिसणार नाही.

तिसरा पर्याय : भाड्याचे घर

हा धंदा कर्जत-खालापूरच्या लोकांना शिकवायला नको. शनिवारी मुंबईच्या गाड्या येतात, फार्महाऊस भरतात आणि रविवारी संध्याकाळी निघून जातात. तिथे भाकऱ्या थापायला आणि भांडी घासायला आपल्याच गावच्या बाया जातात, म्हणून पाहुण्यांची सुट्टी होते. स्वस्तात पडावे म्हणून नणंद सुचवतात तसे स्वतः रांधायचे ठरवले, तर स्वयंपाकघर बदलेल, स्वयंपाक करणारी तीच राहील. सकाळी सहा जणांचा नाश्ता, दुपारी मासे साफ करणे, रात्री मुलांच्या ओल्या कपड्यांचा ढीग. भिशी तिने भरली आणि सुट्टी बाकीच्यांनी घेतली, असे होऊ नये. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेले आहे. ही सुन्नत घरी सोडून प्रवासाला निघायचे नसते. घर भाड्याने घ्यायचे असेल तर चहा कोण करणार आणि भांडी कोण घासणार, हे पुरुषांनी निघण्यापूर्वीच वाटून घ्यावे.

यावर लक्षद्वीपमध्ये मधला मार्ग आहे. अगत्ती, कवरत्तीसारख्या बेटांवर होम-स्टे आहेत. स्थानिक कुटुंबाने खोल्या दिलेल्या असतात आणि जेवण तेच देतात. भात, टुणाचे कालवण, नारळ घातलेले पदार्थ. रिसॉर्टचा थाट नसतो, पण बाईला चुलीपुढे उभे राहावे लागत नाही. यजमानांच्या घरातल्या बायका भेटतात. भाषा जुळली नाही तरी सलाम जुळतो. मुलींना आणि आजींना अशा घरात संकोच कमी वाटतो.

आजारपण आणि परतीचा दिवस

आजींना नेताना एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. बेटांवर दवाखाने आहेत आणि कवरत्तीला मोठे रुग्णालय आहे, पण गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला हलवावे लागते. हृदयविकार किंवा डायलिसिस असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय निघूच नये. गुडघेदुखी किंवा मधुमेह असेल तर औषधे दुप्पट दिवसांची आणि दोन वेगळ्या पिशव्यांत न्यावीत. हवेमुळे जहाज किंवा विमान लांबू शकते, म्हणून परतीच्या रेल्वेआधी कोचीत निदान एक दिवस मोकळा ठेवावा.

नमाजचा हिशोब

खोपोलीहून लक्षद्वीप म्हणजे कोणत्याही मसलकानुसार प्रवासच. चार रकअतची फर्ज नमाज दोन रकअत करता येते. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असेल तर कस्र चालू राहते. शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असेल तर तिथे पूर्ण नमाज पढायची. शाफई मसलकात प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही सवलत आहे. हनफी मसलकात हजचे प्रसंग सोडले तर ती नाही. एकाच घरात दोन्ही मसलकांची माणसे असतील तर निघण्याआधी मौलानांना विचारून घ्यावे, म्हणजे बेटावर वाद नको. जहाजावर उभे राहता आले नाही तर बसून नमाज होते.

किब्ल्याचेही पाहावे. खोपोलीत तो पश्चिमेच्या साधारण दहा अंश उत्तरेला आहे. लक्षद्वीप बरेच दक्षिणेला असल्याने तिथे तो पश्चिमेच्या सुमारे तेवीस अंश उत्तरेला जातो. घरच्या सवयीने सूर्य मावळतो तिकडे तोंड केले तर चूक वाढते. होकायंत्र जवळ ठेवावे किंवा मशिदीचा रोख पाहून घ्यावा.

मग निवड कोणती?

या भगिनीच्या घरासाठी मी अगत्ती बेटावरचा जेवणासह होम-स्टे सुचवीन. पनवेलहून नेत्रावती किंवा मंगला लक्षद्वीप एक्सप्रेसने आलुवाला उतरावे. कोचीचा विमानतळ तिथून जवळ आहे. एक रात्र आराम करून विमानाने अगत्ती गाठावे. विमानतळ आणि मुक्काम एकाच बेटावर असल्याने सासूबाईंना होडीत चढावे लागणार नाही. मुलांना आणि पुरुषांना पाण्यातले प्रवाळ पाहायला होडीने जायचे असेल तर त्यांनी एक दिवस जावे. त्या दिवशी आजी आणि सूनबाई वाडीत बसून शहाळे पितील. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, पण परवाना आणि खोली पक्की झाल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.

सहा जणांचे विमान भिशीच्या पैशांत बसत नसेल तर कर्ज काढू नये. "आधी फिरा, मग हप्ते भरा" या योजनांत व्याज असते. व्याजाच्या पैशाने घेतलेल्या सुट्टीत बरकत कुठून येणार? हजसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेलाही हात लावू नये. त्यापेक्षा या वर्षी मुरूडला जावे. घरगुती जेवण देणारी खोली घ्यावी आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. सिद्दींच्या या जलदुर्गाची कहाणी मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. आता ते दगड हाताने चाचपतील. दरवाजापाशी होडीतून उतरणे आजींना कठीण आहे, त्यांनी किनाऱ्यावर थांबावे, मात्र त्यांच्याजवळ कोणीतरी बसावे आणि ते दर वेळी सूनबाईनेच बसू नये. उरलेले पैसे पुढच्या भिशीत टाकावेत.

पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ओळ लिहून पाहावी : या सुट्टीत त्याला काय मिळणार आणि त्याच्यावर कोणते काम पडणार. ज्या नावापुढे फक्त काम लिहिले गेले असेल, त्या माणसाला विचारून बेत बदलावा. अल्लाह आपला प्रवास सुखरूप करो आणि घरातल्या प्रत्येकाला विश्रांती नसीब करो. आमीन.