झाड छान आहे हो, पण शरीर झाड नाही!

हल्ली मेडिकलच्या मुलांना अभ्यास कसा करता विचारलं, की बऱ्याचदा उत्तर येतं, "माइंड मॅप!" मधोमध 'डायबेटिस' लिहायचं आणि रंगीत फांद्या काढायच्या. एक मूत्रपिंडाकडे, एक डोळ्यांकडे, एक नसांकडे. दिसतं झकास. पण वैद्यकाच्या अभ्यासाचं मुख्य हत्यार म्हणून मला हे काही पटत नाही बुवा.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण माहिती कुठल्या आकारात साठवायची हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न. आमच्या भाषेत माइंड मॅप म्हणजे 'ट्री'. प्रत्येक फांदीला एकच आई. टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीच्या 'यूज युअर हेड' मालिकेतून हे तंत्र लोकप्रिय केलं. भाषणाचे मुद्दे काढायला ते उत्तमच आहे. पण शरीर ट्री नाही, 'ग्राफ' आहे. सगळं सगळ्याला जोडलेलं.

एसीई इनहिबिटर गटातली औषधं घ्या, रामिप्रिल वगैरे. ती ब्लड प्रेशरसाठी देतात, हार्ट फेल्युअरमध्ये देतात, मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागलं तरी देतात. त्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो, पोटॅशियम वाढू शकतं, आणि गरोदरपणात ती टाळायची असतात. आता हे कुठल्या फांदीवर टांगणार? सगळीकडे लिहिलं तर एका जागी दुरुस्ती होते आणि बाकीच्या तशाच राहतात. "मग आडवे बाण काढा की!" काढा. पाच बाणांपर्यंत ठीक, पन्नास झाले की कागदावर नूडल्स.

रुग्णांच्या नोंदींसाठी बनवलेल्या स्नोमेड सीटी या शब्दसंग्रहात तीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत, आणि तिथे एका संकल्पनेला अनेक पालक चालतात. बॅक्टेरियामुळे झालेला न्यूमोनिया हा जंतुसंसर्गही आहे आणि फुफ्फुसाचा आजारही. कॉम्प्युटरला जे मान्य करावं लागलं, ते आपण ए-फोर कागदावर नाकारतोय.

याहून मोठी अडचण दिशेची आहे. मॅप रोगापासून लक्षणाकडे जातो. पेशंट मात्र उलटा येतो! तो म्हणतो, "डॉक्टर, दम लागतोय." आता हे हृदय, दमा, ॲनिमिया, फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गाठ, की मधुमेहातला कीटोॲसिडोसिस? एकच पान पाच झाडांवर, आणि समोरचा माणूस धापा टाकतोय. इथे उलटा इंडेक्स लागतो. तो रंगीत पेनांनी तयार होत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. लंडनच्या मेडिकल विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २००२ साली 'मेडिकल एज्युकेशन'मध्ये आला. त्यात ६०० शब्दांचा उतारा माइंड मॅप काढून वाचणाऱ्यांना आठवड्याने थोडं जास्त आठवलं. बरोबर. पण तो ६०० शब्दांचा उतारा होता, हॅरिसनचे जाडजूड खंड नव्हेत! उलट २०११ साली कार्पिक आणि ब्लंट यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की पुस्तक समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे आठवड्यानंतर पुढे होते. गंमत म्हणजे आठवून लिहिणाऱ्या मुलांना स्वतःला आपण कमी शिकलो असंच वाटत होतं.

आणि खरी मेख इथेच आहे. मॅप काढताना शिकल्यासारखं वाटतं. दोन तास गेले, पान भरलं, मन भरलं. आठवायला बसलं की मात्र आपलं अज्ञान उघडं पडतं, म्हणून ते नको वाटतं.

तेव्हा मॅप काढायचाच तर पुस्तक मिटून काढा. मग उघडून चुका लाल पेनाने भरा. पुढच्या वेळी मध्यभागी रोगाऐवजी 'दम लागणे' लिहा, आणि बाणावर 'का' तेही लिहा. आठवड्याने कोरा कागद घेऊन पुन्हा. आधीचा मॅप सरळ फाडून टाका, भिंतीवर लावू नका.

भिंत पाठ होऊन उपयोग नाही. पेशंट येईल तेव्हा ती भिंत तिथे नसेल.