जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार आणि पुराव्याचा प्रश्न

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद अलीकडे आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. जावा, येझ्दी, राजदूत, जुनी बुलेट यांचे गंजलेले सांगाडे कुणाच्या तरी गोठ्यातून बाहेर निघतात आणि काही महिन्यांनी आरशासारखे लखलखू लागतात. या छंदाविषयी आम्हांला आदर आहे. मराठी शिकवणारे आम्ही दोघे स्वतःच त्यात पडलो आहोत. तरीही या क्षेत्रातील एका रूढ पद्धतीविषयी आमचा मतभेद आहे. यंत्र चालू करण्याच्या घाईत ते मुळात बंद का पडले होते, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आणि एकदा दुरुस्ती झाली की तो विचारण्याची सोयही उरत नाही.

सीझ झालेले इंजिन गॅरेजात नेले की काय होते, ते पाहावे. सिलिंडरला नवे बोअरिंग केले जाते, ओव्हरसाइज पिस्टन बसतो आणि जुना पिस्टन भंगारात जातो. पण काय घडले याची साक्ष देणाऱ्या वस्तू नेमक्या याच दोन. पिस्टनच्या माथ्याला भोक पडले असेल तर संशय इग्निशनच्या वेळेवर किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त झालेल्या मिश्रणावर जातो. बाजूंवर ठरावीक चार ठिकाणी ओरखडे असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर तापून फुगला असावा. पिस्टनबरोबर क्रँकचे बेअरिंगही निळे पडले असेल तर तेलच नव्हते, असे मानायला आधार मिळतो. बोअरिंगचे हत्यार फिरले की यातला निम्मा मजकूर पुसला जातो.

आमच्यासमोर आलेले उदाहरण असे. आमच्यापैकी एकाच्या वडिलांची १९६९ सालची जावा कर्जतच्या घरामागे चाळीस वर्षे पडून होती. १९८४ च्या उन्हाळ्यात ती बोरघाटात सीझ झाली, कशीबशी खोपोलीपर्यंत आणली गेली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. 'पेट्रोलमध्ये ऑइल घालायला विसरले' असा निकाल त्याच दिवशी लागला आणि घरात तो कायमचा झाला. वडिलांनी त्यावर वाद घातला नाही. दुसरी गाडीही घेतली नाही. आता ते हयात नाहीत. गाडी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखानाही १९९६ सालीच बंद झाला. विचारावे कुणाला? उरले होते ते फक्त इंजिन.

ते आम्ही बोअरिंगपूर्वी उघडले. पिस्टनच्या बाजूंवर उभे, कोरडे ओरखडे होते. माथा शाबूत होता. क्रँकचे बेअरिंग आणि पिस्टनची पिन यांवर जळल्याची निळाई नव्हती. गंज होता, पण तो ओरखड्यांच्या वर चढलेला होता; म्हणजे ओरखडे आधीचे. पेट्रोलमध्ये ऑइल मुळीच नसते तर बेअरिंग इतके सुखरूप राहिले नसते. मग पिस्टनच तेवढा कोरडा कसा पडला?

उत्तर बहुधा रस्त्याच्या उतारात आहे. घाटात इंजिन सीझ झाले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चढ येतो. वडील मात्र त्या दिवशी लोणावळ्याहून परतत होते. म्हणजे ते खंडाळ्याहून खोपोलीकडे, १८३० साली खुल्या झालेल्या त्या घाटरस्त्याने उतरत होते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. त्या काळी लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरवर सोडली, तर चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पेट्रोल मात्र जेमतेम जाते आणि त्याबरोबर ऑइलही. टाकीतले मिश्रण बिनचूक असूनही पिस्टन तहानलेला राहतो. म्हणून जुने जाणते चालक उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देत. हा कंपनीचा दोष नव्हे, विसरभोळेपणाही नव्हे. त्या जातीच्या इंजिनाचा तो स्वभावच आहे.

हा निष्कर्ष संभाव्य आहे, अंतिम नाही. क्रँकचे ऑइल सील आम्हांला कडक, तडकलेले आढळले. अशा सीलमधून हवा आत शिरूनही इंजिन सीझ होऊ शकते. पण चाळीस वर्षे पडून राहिलेले रबर कडक होणारच. आजच्या तड्यावरून १९८४ चा दोष सिद्ध होत नाही. मूळ बिघाड कोणता आणि नंतरची झीज कोणती, हा भेद करणे हेच या कामातले खरे कष्ट आहेत.

पोथ्यांशी संबंध असलेल्यांना ही अडचण परिचित आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी एक पाठ स्वीकारला. पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत, ते पानाच्या तळाशी नोंदवले. पुढच्या अभ्यासकाला संपादकांशी भांडता येते, ते त्यामुळेच. गॅरेजात मात्र आपण तळटीपा भंगारात घालतो.

केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि इंजिन वा सांगाड्यात मोठे फेरफार न झालेली वाहने त्यांत येतात. उद्देश योग्यच आहे. परंतु मूळ रूप म्हणजे केवळ कारखान्यातून निघालेले रूप, असे मानले की वाहनाचे सारे आयुष्य वगळले जाते.

गाडी गंजलेलीच ठेवावी, असे आमचे म्हणणे नाही. आम्हीही बोअरिंग केले आणि सील बदलले. मागणी एवढीच की हत्यार लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत आणि जुना पिस्टन जपावा. याला खर्च जवळजवळ नाही. एक संध्याकाळ पुरते. घरोघरच्या बंद पडलेल्या गाड्यांबरोबर कुणा ना कुणावर ठेवलेला ठपकाही पडून असतो. नव्या क्रोमखाली तो तसाच राहतो. तो तपासायचा तर पुरावा हाताशी असावा लागतो.